बचतीचा पैसा : शाखेची बँक आणि फोनमधली बँक

तथागत भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आपल्यापैकी बहुतेकांनी विहारात ऐकलेला आहे. कमाईचे चार भाग करावेत असे त्यात सांगितले आहे. एक भाग स्वतःच्या व कुटुंबाच्या उपभोगासाठी, दोन भाग उद्योगव्यवसायासाठी आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा. हा चौथा भाग ठेवायचा कोठे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या काळाप्रमाणे ठरवायचे आहे. आमच्या आजीने तो पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवला. वडिलांनी पोस्टात ठेवला. आम्ही बँकेत लिपिक म्हणून लागलो, तेव्हा साहजिकच तो बँकेत आला. आणि आता आमची मुले म्हणतात की बँकेत जायचे कशाला, बँक तर खिशात आहे.

हा विषय आम्ही स्मरणिकेसाठी घेतला त्याला निमित्त झाले आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीच्या सभेचे. विहाराच्या वरच्या मजल्यासाठी जमलेला अकरा लाख रुपयांचा निधी एकाच बँकेच्या बचत खात्यात पडून आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला आपला एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला आणि त्याने फळ्यावर हिशेब मांडला. सध्याच्या खात्यात २.५० टक्क्यांनी वर्षाला २७,५०० रुपये मिळतात. फोनवर उघडता येणाऱ्या खात्यात ७ टक्के मिळतात, म्हणजे ७७,००० रुपये. "दरवर्षी साडेएकोणपन्नास हजार रुपये आपण बँकेला दान करतो आहोत," असे तो म्हणाला. सभा गप्प झाली. मग कोषाध्यक्ष काका म्हणाले, "अरे, पण ज्या बँकेला दारच नाही, तिच्या दारात जाऊन भांडायचे कसे?" अध्यक्षांनी दोघांनाही खाली बसवले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बँकेतले आहात. अभ्यास करून सांगा."

तो अभ्यास येथे मांडत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. शिवाय आमचे पोट शाखेच्या बँकेवर चालते. म्हणून आमचे मत वाचकांनी थोडे पारखूनच घ्यावे.

बचतीच्या व्याजाला स्पर्धा कशी लागली

आम्ही नोकरीला लागलो त्या वेळी बचत खात्याच्या व्याजात स्पर्धा नावाची गोष्टच नव्हती. दर रिझर्व्ह बँक ठरवीत असे आणि तो सर्व बँकांना सारखाच असे. मार्च २००३ पासून मे २०११ पर्यंत तो ३.५० टक्के होता. व्याज मोजण्याची रीत तर आजच्या विद्यार्थ्यांना खरी वाटणार नाही. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. ११ तारखेला पैसे भरले तर त्या महिन्याचे व्याज शून्य. २५ तारखेला मुलाच्या फीसाठी पैसे काढले तर उरलेल्या शिल्लकेवरच व्याज. जाणकार खातेदार नेमके १० तारखेच्या आत भरणा करीत आणि त्या दिवशी आमच्या काउंटरपुढे रांग लागे. ज्यांना हे ठाऊक नव्हते, त्यांत आपले सफाई कामगार, गिरणीतून कमी झालेले, घरकाम करणाऱ्या भगिनी असे सारेच होते. वर्षानुवर्षे त्यांचे थोडे थोडे व्याज बुडाले. नियमाप्रमाणेच बुडाले, म्हणून कोणी तक्रारही केली नाही. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजणे सुरू झाले. आमच्या मते गरीब खातेदाराच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता, पण त्याचा गाजावाजा झाला नाही.

त्यानंतर २५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा दर मोकळा केला. एक लाखापर्यंतच्या शिल्लकेवर प्रत्येक बँकेने आपल्या सर्व ग्राहकांना एकच दर द्यावा. एक लाखाच्या वर रकमेप्रमाणे वेगवेगळे दर द्यायला मोकळीक. येस बँक, कोटक महिंद्र बँक अशा त्या वेळच्या लहान खाजगी बँकांनी लगेच दर वाढवले, येस बँक तर ४ वरून ६ टक्क्यांवर गेली. मोठ्या बँका मात्र ४ टक्क्यांवरून हलल्या नाहीत. पुढे त्या हलल्या त्या खालच्या दिशेने. स्टेट बँकेने जुलै २०१७ अखेर एक कोटीपर्यंतच्या शिल्लकेवरचा दर ३.५० केला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने कमी करीत जून २०२५ मध्ये तो २.५० टक्क्यांवर आणला. एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या बँकांचा दरही त्याच महिन्यात तेवढाच झाला.

मोठ्या बँकांना दर वाढवावासा वाटला नाही, याचे कारण खातेदाराच्या सवयीत आहे. पगार तेथे जमा होतो, पेन्शन तेथे, शिष्यवृत्ती तेथे, गॅसचे अनुदान तेथे. घराचा हप्ता त्याच खात्यातून कापला जातो. माणूस व्याजासाठी हे सगळे उचलून दुसरीकडे नेत नाही. बँकांच्या एकूण ठेवींत बचत ठेवींचा वाटा साधारण तीन दशांश आहे आणि हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त पैसा. मुदत ठेवीला सहा-साडेसहा टक्के द्यावे लागत असताना अडीच टक्क्यांत मिळणारा पैसा कोण सोडील? आमच्या क्षेत्रात या पैशासाठी 'कासा' असा एक शब्द आहे. चालू आणि बचत खाती मिळून कासा. शाखेच्या मासिक आढाव्यात तो शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकतो की तो एखाद्या देवतेचे नाव असावे असे वाटू लागते.

फोनमधली बँक म्हणजे नेमके काय

येथे आपल्या तरुणांचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकही शाखा नसलेल्या, केवळ ऑनलाइन चालणाऱ्या बँकेसाठी रिझर्व्ह बँकेने आपल्या देशात वेगळा परवानाच दिलेला नाही. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तशी कल्पना मांडली होती, पण ती कागदावर राहिली. मग फोनवर जे दिसते ते काय आहे? त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत. काही जुन्या बँकांनीच फोनवरून उघडता येणारी खाती काढली आहेत, उदाहरणार्थ कोटक बँकेचे मार्च २०१७ मधले '८११' खाते. नोटाबंदीची तारीख ८/११, त्यावरून हे नाव. दुसऱ्या आहेत स्मॉल फायनान्स बँका. त्यांना शाखा असतात, पण ठेवीसाठी त्या फोनवर जास्त दराची जाहिरात करतात. तिसऱ्या पेमेंट्स बँका. त्यांना एका ग्राहकाकडून दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवून घेता येत नाही आणि कर्ज देता येत नाही. आणि चौथ्या आहेत केवळ कंपन्या. त्या बँक नव्हेतच. त्यांचे ॲप सुंदर असते, पण पैसा ठेवला जातो तो मागे उभ्या असलेल्या कोणत्या तरी खऱ्या बँकेत. ॲपवर मोठ्या अक्षरात एक नाव असते आणि तळाशी बारीक अक्षरात दुसरे. आपण वाचायचे ते तळाचे नाव.

शाखा नसलेल्या बँकेचा प्रयोग मुळात परदेशातला. अमेरिकेत ऑक्टोबर १९९५ मध्ये सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँक इंटरनेटवर सुरू झाली. तिचा बँकव्यवसाय तीनच वर्षांत कॅनडाच्या रॉयल बँकेने विकत घेतला. खरे यश मिळाले ते आयएनजी डायरेक्ट या बँकेला. सन २००० मध्ये ती अमेरिकेत आली. शाखा नाहीत, म्हणून भाडे आणि नोकरवर्ग यांचा खर्च कमी. तो वाचलेला पैसा व्याजाच्या रूपाने ठेवीदाराला द्यायचा, असा तिचा साधा सौदा होता. परंतु गंमत पाहा. लोकांना बँक डोळ्यांनी दिसावी म्हणून या बँकेने काही शहरांत कॉफीची दुकाने काढली! पैसा जिथे ठेवला तिथे एखादी भिंत असावी, तिच्यावर हात ठेवता यावा, असे अमेरिकन माणसालाही वाटतेच. पुढे २०१२ मध्ये कॅपिटल वन या शाखांच्या बँकेने तिला विकत घेतले.

आपल्याकडेही कथा थोडीफार तशीच घडली. सिंगापूरच्या डीबीएस बँकेने एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत 'डिजिबँक' सुरू केली. कागद नाही, सही नाही, शाखा नाही. ७ टक्क्यांपर्यंत व्याज. आणि अंगठा लावून खाते उघडण्याची सोय कॉफीच्या दुकानात. (बँकेला कॉफीचा हा आधार का लागतो, याचा कोणीतरी अभ्यास करावा.) चारच वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, अडचणीत आलेली लक्ष्मी विलास बँक डीबीएसच्या भारतीय बँकेत विलीन करण्यात आली. १९२६ साली तामिळनाडूतील करूर येथे स्थापन झालेल्या या बँकेच्या ५६३ शाखा होत्या. शाखा नको म्हणणाऱ्या बँकेकडे एका फटक्यात पाचशेहून अधिक शाखा आल्या. म्हणून शाखेची बँक विरुद्ध फोनची बँक असा सरळ सामना आमच्या दृष्टीने खरा नाही. दोघीही एकमेकींच्या घरात शिरत आहेत. शाखेच्या बँकांची ॲप आज आमच्याच काउंटरचे काम कमी करीत आहेत, ही गोष्ट आम्ही रोज पाहतो.

जास्त व्याज येते कोठून

सभेत आपल्या तरुण मित्राने न विचारलेला प्रश्न हाच होता. सात टक्के देणारी बँक ते आणते कोठून?

शाखेचा खर्च वाचतो हे एक कारण झाले. सुरुवातीची वर्षे नवीन ग्राहक मिळवण्यासाठी तोटा सोसून दर दिला जातो, हे दुसरे. दुकान नवे असताना साखर स्वस्त विकतात, तसेच. ग्राहक जमले की दर हळूच खाली येतो आणि तो कळवणारा संदेश आपण न वाचता पुसून टाकतो. बचत खात्याचा दर बँक केव्हाही बदलू शकते. मुदत ठेवीचा दर मात्र मुदत संपेपर्यंत बांधलेला असतो.

परंतु स्मॉल फायनान्स बँकांच्या बाबतीत तिसरे कारण सर्वांत मोठे आहे, आणि ते आपल्या वस्तीच्या जवळचे आहे. यांतील अनेक बँका पूर्वी सूक्ष्म वित्त कंपन्या होत्या. पाच-दहा बायकांचा गट, एकमेकींची हमी, आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता हा त्यांचा मूळ व्यवसाय. अशा कर्जावर दरसाल शेकडा वीस-बावीस आणि त्याहूनही जास्त व्याज लागते. ज्या बँकेला कर्जावर वीस टक्क्यांच्या वर मिळतात, तिला ठेवीवर सात टक्के देणे जड जात नाही. म्हणजे चाळीच्या एका खोलीत सात टक्के व्याज आल्याचा संदेश वाजतो आणि शेजारच्या खोलीतील ताई त्याच आठवड्याचा हप्ता भरण्यासाठी हातउसने मागत फिरत असते. या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या जातात. याचा अर्थ या बँका वाईट, असा आम्ही काढत नाही. ज्या भगिनीला आमच्या बँकेने दारातही उभे केले नाही, तिला त्यांनी कर्ज दिले, नाहीतर ती सावकाराकडेच गेली असती. शिवाय आपल्या कर्जांचा मोठा भाग लहान कर्जदारांना दिलाच पाहिजे अशी अट त्यांच्या परवान्यातच आहे. पण कल्याणकारी संस्थेचा निधी कोठे ठेवायचा याची चर्चा करताना तो पैसा पुढे कोणाकडे जातो हे आपल्याला माहीत असावे.

पेमेंट्स बँकेचे याच्या उलट. तिला कर्ज देता येत नाही, पैसा बहुतेक सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. त्यामुळे मोठा दर फार काळ टिकवणे तिला कठीण. एअरटेल पेमेंट्स बँकेने सुरुवातीला ७.२५ टक्के जाहीर केले होते. त्याच बँकेच्या बाबतीत २०१७ मध्ये मोबाइलच्या सिमसाठी दिलेल्या आधारवर ग्राहकाच्या नकळत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे जमा झाल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्यांची आधार-पडताळणी तात्पुरती थांबवली. बचतीच्या ठेवींसाठी स्पर्धा किती खाली उतरू शकते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फळ्यावरचा हिशेब पुन्हा एकदा

आता फळ्याकडे वळू. ७ टक्के हा दर खरा असतो, पण तो बहुधा संपूर्ण रकमेवर नसतो. समजा, एखाद्या बँकेचा तक्ता असा आहे : एक लाखापर्यंत ३ टक्के, एक ते पाच लाखांच्या भागावर ५ टक्के, पाच लाखांच्या वरच्या भागावर ७ टक्के. सहा लाख रुपये ठेवणाऱ्याला पहिल्या लाखाचे ३,०००, पुढच्या चार लाखांचे २०,००० आणि शेवटच्या लाखाचे ७,०००, असे एकूण ३०,००० मिळतील. म्हणजे जाहिरातीत सात, हातात पाच. तरीही अडीच टक्क्यांच्या १५,००० पेक्षा हे दुप्पट आहे, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण ज्याच्या खात्यात ४०,००० आहेत, त्याला या बँकेत १,२०० मिळतील आणि जुन्या बँकेत १,०००. वर्षाला २०० रुपयांचा फरक. त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून कोणी धावपळ करू नये. जास्त दराचा खेळ मोठ्या शिल्लकेसाठी आहे. छोट्या बचतदाराला त्याची फक्त जाहिरात मिळते. टपाल खात्याच्या बचत खात्याला मात्र डिसेंबर २०११ पासून ४ टक्के दर आहे, तो पहिल्या रुपयापासून, आणि त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

याच तक्त्याने आपल्या अकरा लाखांचा हिशेब केला तर ३,००० अधिक २०,००० अधिक ४२,००० म्हणजे ६५,००० रुपये होतात, ७७,००० नव्हेत. आता दुसरा हिशेब. आपल्याच जुन्या बँकेत एक लाख बचत खात्यात ठेवला आणि दहा लाखांची एक वर्षाची मुदत ठेव केली. मुदत ठेवीचा दर ६.२५ टक्के धरला, व्याजावरचे व्याज सोडून दिले, तरी ६२,५०० अधिक २,५०० म्हणजे नेमके ६५,०००. आम्ही तीन वेळा आकडेमोड करून पाहिली. आपल्या मित्राची तुलना बचत खात्याची बचत खात्याशी होती. वर्षभर लागणार नाही असा पैसा बचत खात्यात ठेवणे हीच मूळची चूक आहे, आणि ती चूक संस्थेने केली तेव्हा आम्हीही कार्यकारिणीवर होतो. आमच्या काउंटरवरून कोणी खातेदाराला "काका, एवढी रक्कम बचतीत का ठेवता, मुदत ठेव करा," असे आपणहून सांगत नाही. शाखेला तो पैसा अडीच टक्क्यांतच हवा असतो. ऑनलाइन बँकांनी स्पर्धा लावली याचा एक फायदा हाच की निदान लोक प्रश्न विचारू लागले.

दुसरी गोष्ट भाववाढीची. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या देशांतर्गत क्रयशक्तीचे स्थैर्य महत्त्वाचे मानले. भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही आणि नुकसान श्रमिकाचे होते, हे त्यांनी दाखवून दिले. तीच दृष्टी बचतीला लावा. भाव शेकडा चारने वाढत असतील आणि खात्यावर अडीच टक्के मिळत असतील, तर पासबुकातला आकडा वाढतो आणि त्यात येणारे सिमेंट कमी होते. विहाराच्या स्लॅबच्या बाबतीत हे आपण अनुभवले आहे.

पैसा सुरक्षित कोठे

कोषाध्यक्ष काकांचा प्रश्न दाराचा होता. पण दार असले म्हणजे पैसा सुरक्षित, हेही खरे नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेला १३७ शाखा होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांच्या रकमा वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी देण्याची योजना झाली. मुंबईच्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले. पुढे ती सारस्वत बँकेत विलीन झाली. आणि २०११ मध्ये ज्या येस बँकेने सर्वांआधी दर वाढवला, तिच्यावर ५ मार्च २०२० रोजी ५०,००० रुपयांची मर्यादा आली होती. स्टेट बँक पुढे आल्यावर १८ मार्चला ती उठली. फोनच्या बाजूला पाहिले तर कोटक बँकेला एप्रिल २०२४ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई होती, आणि पेटीएम पेमेंट्स बँकेला १५ मार्च २०२४ नंतर नवा भरणा स्वीकारता आला नाही.

म्हणून दाराऐवजी ठेव विमा पाहावा. १ जानेवारी १९६२ रोजी हा विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. मे १९९३ पासून ती एक लाख होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. ही मर्यादा एका ठेवीदाराला, एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती केली तरी ती एकत्रच मोजली जातात, बचत आणि मुदत ठेवसुद्धा. बँकांवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. आपल्या संस्थेचे अकरा लाख एकाच बँकेत असल्यामुळे त्यांतील सहा लाखांना विम्याचे छत्र नव्हते. व्याजाच्या चर्चेत हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

फोनवर पाच मिनिटांत खाते उघडणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. केवळ आधारचा ओटीपी देऊन उघडलेले खाते अर्धे असते. त्यात सर्व मिळून एक लाखापेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षात दोन लाखांपेक्षा जास्त जमा चालत नाही, आणि वर्षाच्या आत समोरासमोर किंवा व्हिडिओवर पूर्ण केवायसी झाली नाही तर ते बंद करावे लागते. आमच्या नात्यातील एका मावशींचे असेच झाले. टाळेबंदीच्या काळात भाच्याने त्यांचे खाते उघडून दिले; भाचा नोकरीसाठी परगावी गेला, मावशींचा मोबाइल नंबर बदलला, आणि धुणीभांडी करून जमवलेले एकतीस हजार रुपये डोळ्यांना दिसेनात. ग्राहक सेवेच्या फोनवर "एक दाबा, दोन दाबा" ऐकून त्या थकल्या. पैसे शेवटी मिळाले, पण चार महिन्यांनी, आणि त्यासाठी त्यांना दोन घरची कामे सोडावी लागली. बँक बुडाली नव्हती. फक्त समोर बसून "मावशी, थांबा, बघतो," म्हणणारे कोणी नव्हते. आमचे सहकारी खातेदारावर खेकसतात हे आम्ही नाकारत नाही, परंतु खेकसायला तरी माणूस असतो. अशा प्रसंगी बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले तर १९३० वर तत्काळ कळवावे आणि बँकेलाही. त्रयस्थाच्या लबाडीने पैसे गेले आणि आपला दोष नसेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्यावर नुकसानीचा भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा आदेश आहे.

पुढील सभेत आम्ही हे सर्व मांडले. विश्वस्त संस्थेचा पैसा कोठेही ठेवता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे तो शेड्यूल्ड बँकेत, टपाल खात्याच्या बचत बँकेत किंवा राज्य शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेतच ठेवावा लागतो. सभेने ठराव केला तो असा : जुन्या बँकेत एक लाख बचतीत व साडेतीन लाख मुदत ठेवीत, दुसऱ्या शेड्यूल्ड बँकेत साडेचार लाखांची मुदत ठेव, आणि उरलेले दोन लाख एका स्मॉल फायनान्स बँकेत, तीही शेड्यूल्ड बँकांच्या यादीत असल्याची खात्री करून. तिन्ही ठिकाणी रक्कम व्याजासह पाच लाखांच्या आतच राहते. शेवटच्या दोन लाखांवर काका राजी नव्हते. अध्यक्ष हसून म्हणाले, "हाच मध्यम मार्ग समजा."

ते खाते काढण्याचे काम आपल्या तरुण मित्रावर सोपवले. फोनवर त्याने प्रयत्न केला, तर ती सोय फक्त व्यक्तींसाठी आहे असे उत्तर आले. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, घटना, ठरावाची प्रत, पॅन आणि सह्या करणाऱ्या तिघांना घेऊन शाखेत या, असे सांगण्यात आले. तो काकांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. शाखा स्टेशनच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर आहे.

या निमित्ताने दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वंदनेनंतर, विहारात तासभर बसायचे ठरले आहे. ज्यांनी फोनवर खाती उघडली आहेत त्यांची केवायसी पूर्ण आहे का, वारसाची नोंद झाली आहे का, मोबाइल नंबर चालू आहे का, हे विद्यार्थी तपासून देतील. मुदत ठेवीचे अर्ज आम्ही भरून देऊ. ओटीपी आणि पिन मात्र कोणालाही, आम्हालाही, सांगू नये. येताना आधार, पॅन आणि घरात असतील तेवढी सर्व पासबुके आणावीत, जुनी, बंद पडलेली धरून.